वह्यांची पानं सुटी होऊ देणार नाही

पणजी, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि दादा मधेच "मी सांगतो त्यांना" म्हणून फोन ठेवतो, तेव्हा लिहितेच. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. आणि बाबा गुडघ्याचे व्यायाम करतात का, ते खरं खरं कळव.

तुमच्या चिखलाच्या बायची शोकसभा झाली. (नाव तूच ठेवलेलंस आई, भरल्या पायांनी ओसरीवर चढायची म्हणून.) सभागृह भरलेलं होतं. शास्त्रज्ञ उठले ते म्हणाले, काय चित्रं काढायची! चित्रकार म्हणाले, विज्ञानाचा केवढा अभ्यास! म्हणजे ज्याला जे पारखता येत नव्हतं, त्याचीच त्यानं तारीफ केली. मला आतून रागच आला. बाबा, तुम्ही असतात तर निदान बांधाचं आणि त्यातल्या मानशीच्या दाराचं नाव तरी कुणाच्या तोंडून निघालं असतं.

तिच्या भावानं वह्या बघायला बोलावलं होतं. खाजनात, त्या भरतीच्या पाण्याकाठच्या शेतात, आपल्या मानशीपाशी ती वर्षानुवर्षं येत होती ना, त्या नोंदी. रूळ मारलेलं पान. तारीख, भरती की ओहोटी, मग क्षारता. पाण्याचा थेंब काचेवर टाकून ती नळी डोळ्याला लावायची आणि उन्हाकडे तोंड करायची, तो आकडा. श्रावणात शून्याला टेकलेला, मे महिन्यात समुद्राच्या दर हजारी 35 कडे सरकत गेलेला. त्याच्या शेजारच्या रकान्याला तिनं मथळा दिलाय 'काका'. तुम्ही थेंब जिभेवर ठेवून जे बोलायचात ते जसंच्या तसं: गोडं, मचूळ, खारट. एका ठिकाणी नुसतं 'थू'. आणि शेवटी चिखल. बोटानं कागदावर ओढलेला पट्टा, पुढे त्या दिवशी दिसलेला रंग शब्दांत.

तो शब्द का लिहायची हे मला आत्ता कळलं. पाण्याखाली हवा पोचत नाही तोवर चिखल करडा-काळा असतो, वर काढून हवा लागली की त्यातलं लोखंड गंजतं. 'काळा' लिहिलेले कितीतरी पट्टे आज कडेनं तांबूस आहेत. शब्द नसता तर आपण चुकीचा रंग खरा मानला असता. लाल रंगाबद्दल तर ती फारच जपून बोलायची. 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्यावर लोक तिला विचारायचे, नदीचा लाल गाळ कमी झाला का, सांग ना. ती म्हणायची, आपला जांभाच लाल, पावसात कुठूनही लाल पाणी येतं, नुसत्या रंगावरून कुणावर बोट ठेवता येत नाही.

ओसरीवरचं तिचं कावीचं चित्र आठवतं? चुन्याला आईच्या तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून घेतल्या होत्या. किती रविवारच्या तिसऱ्यांचा हिशेब लागला असेल कोण जाणे. ओल्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर दिला आणि टोकानं खरवडून खालचा पांढरा काढत काढत मानस उभी केली. दार मात्र शेताच्या बाजूला उघडं दाखवलं. बाबा, तुम्ही चहाचा कप खाली न ठेवताच म्हणालात, "असं दार असेल तर पहिल्या भरतीला कोरगुट भात गेलं." भरतीनं बाहेरून दाबलं की दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते नदीकडे ढकलून उघडतं, हे तिला ठाऊक होतं, हात चुकला होता. तिनं दुसऱ्या दिवशी सगळा गिलावा काढून टाकला आणि पुन्हा केलं. दुरुस्त करून चालण्यासारखं होतं, आपण सगळ्यांनी सांगितलंही. तिला चाललं नाही.

आता मुद्द्याचं. एका संस्थेला वह्यांतले फक्त आकडे हवेत, टाइप करून. एका गॅलरीला पट्ट्यांची पानं हवीत, सुटी करून, चौकटीत घालून. भाऊ बिचारा गोंधळलाय. दोन्हीकडे मान मिळेल, असं त्याला वाटतं. मी त्याला सांगितलं, आकड्याशिवाय तो पट्टा म्हणजे डाग, आणि पट्ट्याशिवाय अर्धी नोंद. वह्या द्यायच्या तर अख्ख्या द्यायच्या, कुणालाही. त्याला पटलंय असं दिसतंय, पण एक रकाना तुमचा आहे, तेव्हा तुमचंही मत त्याला कळवायला हवं. दोन ओळी पुरेत. अक्षर थरथरतं म्हणून दादाकडून लिहून घेऊ नका, तुमच्याच हातचं हवं.

पौष अमावास्येच्या आत डॉक्टरांनी सोडलं तर मांगें थापणीला, चिखलाची मगर करून पुजायला, तुम्हाला गाडीनं थेट बांधापर्यंत नेईन. मगरीच्या पाठीवर शिंपल्या लावायला ती दर वर्षी असायची. यंदा आईनं तिसऱ्या पुण्यात खाल्ल्या असल्या तरी तिथून शिंपल्या आणू नयेत, इथे पुष्कळ आहेत.

आणि हो, एक विचारायचं राहिलं. मे महिन्याच्या एका पानावर 'काका'च्या रकान्यात नुसती फुल्ली आहे, आकडा मात्र आहे. त्या दिवशी तुम्ही आला नव्हतात, की चव घेऊनही काही बोलायला तयार नव्हतात?

तुमची,
बाबी