मधला ‘अ’ कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पान ३ वर, डावीकडे चार कॉलम, ‘शहराचे पाणी पिण्यास योग्य’ असा मथळा आहे. बातमी मी दोनदा वाचली. एकदा चहाबरोबर, त्यात चहा गार झाला. मग चष्मा पुसून परत. पत्र कालच टाकणार होतो, पण रागात अक्षर वाकडं येतं आणि अक्षर हाच माझा धंदा, म्हणून एक रात्र जाऊ दिली. राग आहे तिथंच आहे, अक्षर तेवढं सरळ आलंय.

मी पेंटर. या गावातल्या निम्म्या जुन्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. २०१२ साली ग्रामपंचायतीनं मला बोलावून हातात एक यादी दिली. गावातले सरकारी हातपंप आणि प्रत्येकापुढे पाण्यातल्या फ्लोराइडचा आकडा (लिटरला किती मिलिग्रॅम; जास्त झालं की दात-हाडं बिघडतात). ज्याच्यापुढे दीडच्या वर आकडा, त्या पंपाचं डोकं लाल करायचं आणि शेजारच्या भिंतीवर ‘पाणी पिण्यास अयोग्य’ असं लांबून दिसेल एवढं लिहायचं. अशी अकरा ठिकाणं निघाली. दोरी मारून वरखाली रेघा आखल्या, पांढऱ्यावर पीओ रेडचे (पोस्टाच्या पेटीचा लाल) दोन हात दिले. पैसे अक्षरामागे ठरले होते आणि ‘ग्य’ हे एक अक्षर धरायचं की दोन, यावरून ग्रामसेवकाशी माझं चांगलंच वाजलं होतं. (एकच धरलं त्यांनी.) त्यामुळे ते तीन शब्द मी विसरणं शक्य नाही.

आता आपल्या वार्ताहरांनी एकदा बाजाराजवळच्या पंपाकडे जाऊन यावं. पंप म्हणजे आता पंप राहिलेला नाही. सहा वर्षांपूर्वी त्याचा दांडा काढला, बोअरमध्ये मोटर सोडली आणि पाणी आमच्या वॉर्डाच्या टाकीला जोडलं. मोटर आली म्हणजे स्टार्टरची पेटी आली. पेटी ठोकायला सपाट जागा हवी आणि माझ्या ऑइलपेंटनं ती भिंत मस्त गुळगुळीत झालेली. इलेक्ट्रिशियननं पेटी ठोकली ती नेमकी ‘अ’वर. तेव्हापासून भिंतीवर ‘पाणी पिण्यास’, मग लोखंडी पेटी, मग ‘योग्य’, असं वाचायला मिळतं. रंग अजून शाबूत आहे, चांगला माल वापरला होता. पेटीच्या डाव्या कडेला ‘अ’च्या गाठीचा लाल ठिपका नखाएवढा बाहेर दिसतो. कोणालाही दाखवतो, चला.

आपल्या बातमीचा मथळा तिथूनच उतरवून घेतला की काय, अशी शंका मला आली. माफ करा, पण शब्दही तेच, क्रमही तोच.

बाकी दहा ठिकाणांचं काय झालं तेही सांगतो. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि पुढे स्वच्छ सर्वेक्षणाची पाहणी येणार म्हणून गाव सुंदर करायची घाई उठली. सगळे हातपंप निळे झाले. भिंतींवर वारली चित्रं आली. बसस्टँडच्या पंपामागे जिथं ‘अयोग्य’ होतं, तिथं आता पाच वारली बायका डोक्यावर हंडे घेऊन ओळीनं पाण्याला निघाल्या आहेत. आणि खोटं कशाला बोलू, त्या दहातले दोन पंप मीच निळे केले. ठेकेदारानं रोलर आणि डबा हातात दिला, संध्याकाळी रोख पैसे दिले. फ्लेक्सवाल्यांनी आमचा धंदा बसवल्यापासून हातात काम कुठं असतं? बोर्ड तासात छापून मिळतो, मग त्यावर ‘शुध्द पाणी’ असं अशुद्ध लिहिलेलं असलं तरी चालतं. पण तो वेगळा विषय. दोन पंपांवर निळा हात फिरवताना मी विचारलं होतं की पाणी परत तपासलं का. ठेकेदार म्हणाला, मला रंगाचं टेंडर आहे, पाण्याचं नाही.

पुढे मी कार्यालयात जाऊन विचारलं. नाव लिहीत नाही, माणूस बोलायला गोड होता. म्हणाला, “काका, ते ‘अयोग्य’ ग्रामपंचायतीच्या काळातलं आहे हो. आता आपण नगरपंचायत आहोत.” म्हणजे गावाला बढती मिळाली तशी खालच्या खडकालाही मिळाली असणार! फ्लोराइड खडकातून विरघळून पाण्यात येतं. पाणी जेवढं खोल आणि जेवढी वर्षं त्या दगडात मुरलेलं, तेवढं ते जास्त असण्याचा संभव. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या माणसाला हे नवीन नाही. उथळ विहिरी आटल्या म्हणून आपण बोअर मारल्या, बोअर आटल्या म्हणून आणखी खोल गेलो. अधिसूचना निघाल्यानं दगड बदलत नाही.

आता आपल्या बातमीकडे येतो. नमुना ‘मुख्य टाकीच्या नळाचा’ घेतला असं तिच्यातच लिहिलंय. क्लोरीन योग्य, जंतू नाहीत, पाणी स्वच्छ. छान. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणाऱ्या माणसाचं मी अभिनंदन करतो. पण मुख्य टाकीत बाजाराच्या बोअरचं पाणी येतच नाही, ते थेट आमच्या वॉर्डाच्या टाकीत जातं. गावात बोअर किती, टाक्या किती आणि कुठली कशाला जोडलेली, हे वार्ताहरांना नसेल तर वॉल्व्ह फिरवणाऱ्या पोराला माहीत आहे. ‘शहराचं पाणी’ नावाचं एक पाणी कुठं असतं का? माझ्या घरचं वेगळं, टाकीखालच्या घरचं वेगळं. त्यात नळ दोन दिवसांआड. लाइन रिकामी असते तेव्हा फुटक्या सांध्यातून नालीचं पाणी आत शिरतं, आणि पाणी आलं की गल्लीभर टिल्लू पंप लागतात, ते तर आणखी ओढतात. टाकीच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीनची तपासणी) करून पिवळा रंग आला म्हणून शेवटच्या घरात क्लोरीन उरलेलं असतंच असं नाही. आणि उरलेलं असलं तरी माझा प्रश्न तिथंच आहे. क्लोरीनने जंतू मरतात. फ्लोराइड जंतू नाही, त्याला कशानं मारणार? बातमीत फ्लोराइड हा शब्द एकदाही नाही. मी बोट ठेवून शोधला.

सोबतच्या फोटोत साहेब काचेचा ग्लास तोंडाला लावून उभे आहेत. एका ग्लासानं काही होत नाही, हे मीही लिहून देतो. वीस वर्षांनी गुडघा बोलायला लागतो.

आणि चौकटीतला तो सल्ला! ‘नागरिकांनी खबरदारी म्हणून पाणी उकळून प्यावे.’ जुलाब-काविळीसाठी ठीक आहे. पण चहा आटवला की साखर उडून जाते का? पाणी उडतं, साखर राहते, चहा गोड होतो. फ्लोराइडचं तसंच आहे. आमच्या घरी सूनबाई बातमी वाचून पातेलं पंधरा-पंधरा मिनिटं उकळत ठेवते आहे, गॅस जातो तो जातो, वर जे नको तेच घट्ट करून पोरांना पाजायचं. निदान एवढी चौकट तरी दुरुस्त करून छापा.

मी एवढा का चिडलो, तेही सांगतो. नात आठ वर्षांची आहे. दुधाचे पडून समोरचे चार दात नवीन आले, ते खडू फासल्यासारखे. पांढरे आडवे पट्टे, एकावर तपकिरी डाग धरायला लागलाय. शाळेत पोरं चिडवतात म्हणून हसताना ओठ मिटून घेते, फोटोत तर हात धरते तोंडावर. आईनं ब्रशवरून तिला दोन महिने बोलणी घातली. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा डाग वरून बसलेला नाही, दात हिरडीत तयार होत होता तेव्हाच, दोन-तीन वर्षांची असताना जे पाणी पोटात गेलं त्याचा आहे. मी तिथंच बोटांवर हिशेब केला. मोटर बसली तेव्हा ती दोन वर्षांची होती. ‘अ’ झाकला गेला तेही तेव्हाच. मी स्वतः त्या भिंतीवर लिहिलेलं आणि मीच रोज तिथून जा-ये करत होतो. पेटी दिसत होती. माझ्या हातचं अक्षर कुणीतरी झाकलं म्हणून मला राग आला होता, घरच्या नळाला तेच पाणी येतंय हे डोक्यात आलंच नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुम्ही ‘योग्य’ छापल्यावर लिहिणं भाग पडलं.

उपाय नाहीत असं कुणी म्हणू नये. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेनंच तुरटी आणि चुन्याचं प्रमाण बसवून फ्लोराइड काढायची पद्धत आणली, नलगोंडा पद्धत म्हणतात तिला. मला कसं माहीत? अशा एका संयंत्राचा बोर्ड मीच लिहिलाय. ‘नलगोंडा’ हे कंपनीचं नाव असेल असं वाटलं होतं, इंजिनिअरनं सांगितलं की तेलंगणातला जिल्हा आहे, तिथंही हेच दुखणं. बोर्ड अजून आहे. संयंत्राचं दार मी कित्येक वर्षांत उघडं पाहिलेलं नाही. घरी कोणी नुसता तुरटीचा खडा फिरवून ते होईल असं समजू नये, त्यानं गाळ बसतो, फ्लोराइड नाही. आरओच्या पाण्यात फ्लोराइड कमी होतं हे खरं, पण वीस लिटरचा जार आमच्याकडे तीस रुपयांना आहे आणि घरात माणसं सात.

माझी धाकटी बहीण वणीकडच्या एका खेड्यात असते. तिथं जलजीवन मिशनमध्ये बायकांना तपासणीची पेटी दिली आणि शिकवलंही. बाटलीत पाणी, त्यात थेंब, रंग किती बदलला ते पट्टीशी ताडून पाहायचं. आमचं शेडकार्ड असतं, अगदी तसं. ती आठवी शिकलेली आहे आणि तिला तिच्या पंपाचा आकडा तोंडपाठ आहे. मला, तिच्या शहरातल्या भावाला, माझ्या नळाचा माहीत नाही. जलजीवन खेड्यांसाठी, आणि आम्ही पडलो शहर!

तेव्हा एवढंच करा. पुढच्या वेळी ‘योग्य’ छापाल तेव्हा खाली नमुना कुठल्या नळाचा, कुठल्या तारखेचा आणि फ्लोराइड किती, हे छापा. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या १०५०० नंबरच्या मानकात फ्लोराइडला लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. एकेका बोअरचा आकडा लावला तर सगळी यादी तुमच्या राशिभविष्याच्या अर्ध्या जागेत बसेल. नगरपंचायतीकडे पेंटरला द्यायला पैसे नसतील, तर यादी भिंतीवर मी फुकट लिहून देतो, ‘ग्य’ एक धरा नाहीतर दोन. पीओ रेडचा अर्धा डबा घरात पडून आहे. बाजाराजवळची पेटी तेवढी अक्षरांवरून सरकवून द्या, तिला हात लावायचा अधिकार मला नाही.

आपला,
एक वाचक (पेंटर), जि. यवतमाळ

ता. क. : मागच्या वर्षी नालीवर लिहिलेल्या माझ्या पत्राखाली आपण ‘एक पेन्शनर’ असं छापलं होतं. मला कसलीही पेन्शन नाही. गल्लीतले दोघं उसने मागून गेले. या वेळी नीट बघून छापावं.