फ्लाइट शॉटसाठी रोहित उठवायचे?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतलं उजनी धरणाकाठच्या भिगवणचं कौतुक वाचलं. लेख छान, वरचा रोहितच्या, म्हणजे फ्लेमिंगोंच्या, उडत्या थव्याचा फोटो तर फारच छान, फक्त असा फोटो मिळतो कसा हे कुणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आम्ही दोघं नुकतेच तिथे जाऊन आलो. पुण्यातलेच एक टूरवाले, 'तज्ज्ञ मार्गदर्शकासह पक्षीनिरीक्षण', माणशी अडीच हजार, नाश्ता धरून. पहाटे साडेचारला स्वारगेटला उभं राहायला सांगितलं, गाडी आली साडेपाचला, त्यात सोलापूर रोडवर मिसळीसाठी पाऊण तास. नावेत बसेपर्यंत ऊन चांगलं वर आलेलं. पक्षी काय आमच्यासाठी पंगत धरून बसणार होते?

तज्ज्ञ म्हणजे गळ्यात हातभर लांब लेन्स अडकवलेला एक मुलगा. हिने विचारलं, ते तांबूस कुठलं हो? तर म्हणे, "फॉरेन डक आहे मॅडम." अहो तो चक्रवाक! हिवाळ्यात आपल्या कवडीपाटला मुळा-मुठेच्या फेसात फिरत असतो, तिथे बघायला कुणी अडीच हजार घेत नाही. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब, जो हिमालय ओलांडून येतो, तोही याच्या लेखी फॉरेन डकच. शेवटी नाव चालवणारे मामाच हळूच नावं सांगायला लागले, शेकाट्या, कुरव, मोर शराटी. मासेमारी करणारा माणूस, त्याला सगळं माहीत, आणि आमच्या अडीच हजारातले त्याला किती मिळाले ते विचारायची सोय नाही.

आता रोहित. यंदा उजनी काठोकाठ भरलेलं, पाणी उतरून चिखल उघडा पडल्याशिवाय ते फार येत नाहीत, हे टूरवाल्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही, पण बुकिंग घेतलेलं ना. तरी एक छोटा थवा लांब उथळात होता. दुर्बिणीतून मस्त दिसत होता, पाय आपटून चिखल ढवळायचा आणि मान खाली, चोच उलटी करून गाळून खायचं. मी तेवढ्यावर खूश होतो, तासभर बघितलं असतं. तेवढ्यात तज्ज्ञसाहेब म्हणाले, "मामा, आत घ्या, सगळ्यांना फ्लाइट शॉट पाहिजे." मामा म्हणाले, इथूनच बघा साहेब, पुढं गेलं की उठतील. "मग उठू द्या ना!"

नाव पुढे गेली. आधी सगळ्या माना एकदम वर झाल्या, मग ते भराभर चालत लांब जायला लागले, आणि मग पाण्यावर पळत पळत उठले, नावेत नुसता शटरचा खडखडाट. पार पलीकडे जाऊन बसले, नुसती एक रेघ दिसत होती. झाली ट्रिप! हिवाळाभर खायला आलेल्या पक्ष्यांना प्रत्येक नावेने असं उठवलं तर त्यांनी खायचं कधी? परतताना कुरवांना शेव-फरसाण उधळून झालं, आणि मला विचारतात, "पैसे वसूल ना काका?" एक सांगायला हवं, चिलापी फ्राय कुठे चांगला मिळतो याची माहिती मात्र या तज्ज्ञांना अगदी सखोल होती.

मी त्या मुलाला म्हटलंच, पक्षी असे उठवू नयेत, तर त्याने मोबाइलवर पेपरातलाच एक फोटो दाखवला. आता यावर काय बोलणार? तुम्ही दरवर्षी उडणारेच रोहित छापता, म्हणून लोक तेच मागतात. खाली मान घालून खाणाऱ्या रोहितचा फोटो एकदा तरी मोठा छापून बघा की. आणि लेखात टूरवाल्यांचे फोन नंबर देण्यापेक्षा नावेने किती लांब थांबावं याच्या दोन ओळी दिल्या असत्या तर बिघडलं नसतं.

जाता जाता, त्याच लेखात आतल्या पानावर 'रोहित' म्हणून जो फोटो आहे तो चित्रबलाकाचा आहे. लांब पिवळी चोच, नारिंगी डोकं, शेपटीशी थोडा गुलाबी रंग, एवढा गुलाबी दिसला की झाला का रोहित? पुरवणी छापायच्या आधी कुणी बघतं की नाही? येत्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि ती शब्दकोड्याच्या उत्तरांखाली बारीक टायपात नको.

आपला,
एक जुना वाचक, सहकारनगर, पुणे