चिमीच्या वाटीत काय असावे

भुसावळ,
१४ मे

प्रिय विनायक यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि तीन छायाचित्रे परवा मिळाली. कडब्याच्या गंजीत सापडलेले पिल्लू माईंनी पदराखाली घरात आणले आणि त्याचे चिमी असे नाव ठेवले, हे वाचून मला फार बरे वाटले. तू विचारले आहेस की लहान मुलांचे जीवनसत्त्वांचे थेंब, गाईम्हशींसाठी मिळणारे कॅल्शियमचे औषध आणि मांजरांची मल्टिव्हिटॅमिन पेस्ट या तिन्हींपैकी कोणते सुरू करावे. माझे उत्तर आधीच सांगतो : आज यांपैकी एकही नको. असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत मी एकदा मोठी चूक केलेली आहे आणि ती चिमीच्या वाट्याला येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तू लिहितोस की चिमीला दोन वेळ गाईचे दूध आणि त्यात कुस्करलेली भाकरी मिळते, म्हणून जे कमी पडत असेल ते औषधाने भरून काढावे. आपल्याकडे मांजर दूध-भाकरीवरच वाढते असे सगळेच म्हणतात. पण तुमच्या जुन्या खळ्यातली मांजरे आठव. ती दूध-भाकरी खात असत हे खरे, पण त्यांचा जीव जगत होता तो ज्वारीच्या कणगीमागच्या उंदरांवर. एका उंदरात मांस असते, हाडांतले कॅल्शियम असते, काळजातले, म्हणजे यकृतातले, जीवनसत्त्व अ असते आणि हृदयातले टॉरिन हे मांसातले द्रव्यही असते, त्याविषयी पुढे लिहितो. मांजराला लागते ते जवळजवळ सगळे त्याच मापात त्यात येते. आपण वाटीत काय घातले ते आपल्याला दिसत होते, मांजराने रात्री काय खाल्ले ते दिसत नव्हते. चिमी आठ-नऊ आठवड्यांची आहे, तिला शिकार शिकवायला आई नाही, आणि माई तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. म्हणजे तिच्याकडे वाटीशिवाय दुसरे काहीच नाही.

मांजर निव्वळ मांसाहारी प्राणी आहे, आणि हे तिच्या आवडीनिवडीवर नव्हे, तर शरीराच्या घडणीवर ठरलेले आहे. वहिनी तिला गाजराचा रस पाजतात असे तू लिहिले आहेस. गाजरातल्या बीटा कॅरोटिनपासून आपले शरीर जीवनसत्त्व अ तयार करते, मांजराचे शरीर ते करू शकत नाही. तिला ते प्राण्यांच्या अन्नातून तयारच मिळावे लागते. सकाळच्या उन्हात बसवल्याने जीवनसत्त्व ड मिळेल हेही तिच्या बाबतीत खरे नाही, कारण तिच्या कातडीत ते पुरेसे बनत नाही. उलट जीवनसत्त्व क, ज्याची त्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीवर एवढी जाहिरात आहे, ते मांजर स्वतःच्या यकृतात बनवते, त्यामुळे ते बाहेरून देण्याची गरज नाही. माणसाच्या गरजांवर बेतलेली बाटली तिच्या कामाची का नाही, हे यावरून तुझ्या लक्षात येईल.

टॉरिनविषयी थोडे अधिक लिहितो. हे जीवनसत्त्व नव्हे, मांसात असणारे एक अमिनो आम्ल आहे. मांजराचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही आणि गाईच्या दुधात ते अगदीच थोडे असते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगते. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की हृदय फुगलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी होते आणि ते दिल्यावर हृदयाचे काम सुधारते. ती मांजरे विकतचे अन्न खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी अन्नातले टॉरिन वाढवले. एक घटक मापात नसला तर किती मोठे नुकसान होते, हे मला त्यातून पटले.

आता माझी चूक सांगतो. आमच्या घरी चांदणी नावाची मांजर होती, ती तुला आठवत असेल. ती दोन महिन्यांची असताना तिला चांगले खाऊ घालावे म्हणून मी रोज बोकडाचा बिनहाडाचा खिमा आणि वर दूध देत असे. तिचे अंग भरले, केस चमकू लागले आणि मी खूष झालो. चौथ्या महिन्यात ती ओट्यावरून खाली उतरली आणि मागचा उजवा पाय वर धरून उभी राहिली. एवढ्याशा उंचीवरून पाय मोडेल हे मला खरे वाटेना. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटाने दाखवले : हाडाची रेघ आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकी होती, आणि मांडीचे हाड ओली काडी वाकावी तसे दुमडले होते. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमच्या १५ ते २० पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला हे दोन्ही जवळजवळ बरोबरीने, कॅल्शियम किंचित अधिक, असे लागतात. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढत राहते. आहार बदलल्यावर आणि महिनाभर पिंजऱ्यात ठेवल्यावर चांदणीचा पाय जुळला, परंतु कमरेचे हाड आत वळून बसले ते तसेच राहिले, आणि पुढे आयुष्यभर तिला शौचाला त्रास होत असे. ती दरवेळी कोपऱ्यात बसून कण्हत असे तेव्हा मला तो खिमा आठवे.

यावरून कॅल्शियमचे औषध द्यावे असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. गाईम्हशींच्या औषधाचे माप चारशे किलोच्या जनावराचे असते. चिमी पाऊण किलोचीही नाही. शिवाय अशा बहुतेक औषधांत जीवनसत्त्व ड मिसळलेले असते. ब आणि क ही जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि जास्त झालेली लघवीवाटे निघून जातात. अ आणि ड स्निग्ध पदार्थांत विरघळतात आणि शरीरात साठत जातात. ड जास्त झाले तर मूत्रपिंडात कॅल्शियमचे थर बसतात. अ जास्त झाले, आणि हे रोज भरपूर काळीज खाऊ घातल्यानेही होते, तर मानेचे मणके एकमेकांना चिकटून मान आखडते. म्हणून थोडे जास्त गेले तर काय बिघडते, हे वाक्य येथे चालत नाही.

मग करायचे काय? माझ्या मते पहिला आणि बहुधा शेवटचा उपाय म्हणजे पिल्लांसाठीचे तयार अन्न. माई माळकरी आहेत, घरात मांस शिजणार नाही, आणि तसा आग्रह मी कधीही धरणार नाही. कोरडे अन्न शिजवावे लागत नाही. पडवीत तिची वेगळी वाटी ठेवली की चुलीशी त्याचा संबंध येत नाही. त्यांना एवढेच सांग की गाईला कडबा आणि मांजराला तिचे अन्न, हा देवानेच घालून दिलेला क्रम आहे. त्या समजून घेतील असे मला वाटते. ज्यांनी गंजीतून पिल्लू उचलले त्यांना त्याचे उपाशी राहणे सोसणार नाही.

पाकीट घेताना पुढचे चित्र बघू नकोस, मागची बारीक अक्षरे वाच. अन्न पूर्ण व संतुलित आहे आणि ते वाढीच्या वयासाठी आहे, असे दोन्ही स्पष्ट छापलेले असावे. अमेरिकेच्या आफको या संस्थेच्या मापाप्रमाणे पिल्लांच्या अन्नात, ओलावा वगळून, किमान ३० टक्के प्रथिने, १ टक्का कॅल्शियम आणि ०.८ टक्के फॉस्फरस असावा लागतो. टॉरिन कोरड्या अन्नात किमान ०.१ टक्का आणि डब्यातल्या ओल्या अन्नात ०.२ टक्के. कुत्र्याचे अन्न स्वस्त पडते म्हणून आणू नकोस, ते मांजराच्या मापाचे नसते. असे अन्न चिमी नीट खाऊ लागली की वरून कोणत्याही जीवनसत्त्वाची गरज उरत नाही, आणि ती पेस्टही दुकानातच राहू दे. कॅल्शियम तर मुळीच घालू नकोस, कारण त्याने बसवलेले प्रमाण मोडते.

पाकीट लहानच घे. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या खोलीत उघडे पडलेल्या पाकिटातली चरबी खवट होते, त्यातली जीवनसत्त्वेही उष्णतेने उतरतात. झाकणाच्या डब्यात, माठाजवळच्या गार कोपऱ्यात ठेव. कोरडे अन्न खाणाऱ्या पिल्लाला पाणी जास्त लागते, म्हणून दोन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यात पाणी असू दे. पहिल्या आठवड्यात दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ कर. एकदम बदल करू नकोस, आठवडाभरात भाकरी कमी आणि दाणे जास्त करत जा. दुधाने हगवण लागत असेल तर तेही बंद कर.

शेजारचा मुलगा तापीतली लहान मासळी आणून देतो असे तू लिहिले आहेस. ती कच्ची देऊ नये. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, नष्ट करणारा घटक असतो. ते संपले की मांजराची मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्याने तो घटक निष्क्रिय होतो, तरी मासळी रोजचे अन्न म्हणून नकोच. फोडणीची भाजी-आमटीही देऊ नका, तिच्यातल्या कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. आणि अंग गरम लागले तरी माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नकोस, एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

एक गोष्ट मात्र औषधांच्या आधी करायची आहे. छायाचित्रात चिमीची मान बारीक, केस रखरखीत आणि पोट मात्र टम्म दिसते. हे बहुधा जंतांचे लक्षण आहे. पिल्लांना ते आईच्या दुधातूनही येतात. जंत पोटात असताना तू कितीही जीवनसत्त्वे ओतलीस तरी त्यांचा वाटा आधी जंतांना जाईल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिला टोपलीत घालून ने, वजन करून जंताचे औषध घे, आणि त्याच वेळी लसीचे विचार. डॉक्टरांनी तपासून अमुक एक घटक कमी आहे असे सांगितले, तर त्यांनी लिहून दिलेल्या मापाने आणि तेवढेच दिवस तो दे. तेव्हा माझे वरचे सगळे म्हणणे बाजूला ठेव.

दर रविवारी तिला किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून वजन कॅलेंडरवर लिहीत जा. या वयात आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ व्हावी. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही, किंवा ती उडी मारायला कचरू लागली, तर मला लगेच कळव.

येत्या शनिवारी मी फैजपूरला येतो आहे. पिल्लांच्या अन्नाचे एक लहान पाकीट आणि झाकणाचा डबा सोबत आणतो, तोवर दुधात भाकरीऐवजी साधे उकडलेले अंडे कुस्करून दे, माई हरकत घेणार नसतील तर. माईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधुकर