निशाणं टांगू नका

पुणे,
3 जून

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि फोटो मिळाले. पलटणीची दोन्ही रेशमी निशाणं तालुक्याच्या संग्रहालयात आली, फार बरं झालं. मात्र समितीने तसा ठराव केला असला तरी ती काठीला लावून भिंतीवर टांगू नका. निशाण टांगलं की सगळा भार वरच्या कडेच्या धाग्यांवर येतो. मधलं जरीकाम आणि कडेची झालर यांचं वजन त्यात भर घालतं. ब्रिटिश परंपरेत जुनी निशाणं चर्चमध्ये टांगतात आणि विरून गळून पडेपर्यंत तशीच ठेवतात. तो त्यांचा विधी झाला. संग्रहालयाने ती टिकवायची असतात.

दुसऱ्या फोटोत घडीच्या रेघेवर सरळ चिरा दिसतात, त्याची मला जास्त काळजी वाटते. रेशमाच्या धाग्याचा अंगचा डिंक काढला की वजन सुमारे पाव हिश्शाने घटतं. ते भरून काढायला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कथलाचे आणि लोखंडाचे क्षार मुरवायची पद्धत पडली. असं रेशीम काही दशकांत पापडासारखं कडक होतं आणि घडीवर तुटतं. पेटीच्या तळाशी गळून पडलेला एखादा धागा असेल तर तो चिमट्यात धरून जाळून बघ. शुद्ध रेशीम आक्रसून काळी गोळी होते आणि ती बोटांनी चुरता येते. क्षार भरलेलं असेल तर राखेचा धागा जशाच्या तशा आकारात उरतो. निशाणाचा धागा मात्र या परीक्षेसाठी तोडायचा नाही.

निशाण हातांनी उचलू नका. बाजूने आम्लविरहित टिश्यूचा मोठा ताव हळूहळू खाली सरकवा, तावाखाली पुठ्ठा घाला आणि दोघांनी मिळून पुठ्ठाच उचला. पालटायचं झालं तर वरून दुसरा पुठ्ठा ठेवून दोन्ही एकदम फिरवा. दोन्ही बाजूंचे फोटो मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवून काढा. नोंदणी क्रमांक सुती फितीवर लिहून ती काठीच्या नेफ्याला सैल टाक्याने अडकवा, स्टिकर अजिबात नको. काठीला निशाण खिळ्यांनी ठोकलेलं असेल आणि खिळे गंजले असतील, तरी ते स्वतः उपटू नका.

धुणं, ड्रायक्लीनिंग आणि इस्त्री यांचं नावही काढू नका. जुने लाल-निळे रंग पाण्यात उतरतात, आणि चिखलाचे किंवा रक्ताचे डाग हा इतिहासच आहे. धूळ काढायची ती कमी ओढीच्या व्हॅक्यूमने, चौकटीवर ताणलेल्या नायलॉनच्या जाळीतून, आणि तीही फक्त धड असलेल्या भागावर. चिरलेल्या भागाला हात लावायचा नाही. फेव्हिकॉल, सेलोटेप, लॅमिनेशन सुचवणारे भेटतीलच, त्यांना ठाम नकार दे. शिवून टाकू म्हणणाऱ्यांनाही. कुजलेल्या रेशमात सुईचं प्रत्येक भोक पुढे चीर होतं. अमेरिकेत फोर्ट मॅकहेन्रीच्या 1814 सालच्या प्रसिद्ध लोकरी झेंड्याला 1914 मध्ये सुमारे 17 लाख टाके घालून लिननचं अस्तर लावलं होतं. ते टाके उसवून अस्तर काढायचं किचकट काम 1990च्या दशकाअखेरीस करावं लागलं. आज तो झेंडा मंद उजेडात, जेमतेम 10 अंशांच्या उतारावर पहुडलेला आहे. टाक्यांचं काम लागलंच तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला विचार.

आता निशाण दाखवायची काचेची पेटी. ब्रिटिश पायदळाच्या निशाणाचं माप 1868 पासून 3 फूट 9 इंच बाय 3 फूट आहे आणि तुमची दोन्ही साधारण तेवढीच दिसतात. चारी बाजूंनी 3 इंच सोडून 4 फूट 3 इंच बाय 3 फूट 6 इंचाचा फळा घ्या, अॅल्युमिनियम हनीकोंबचा, म्हणजे आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ. त्यावर पॉलिस्टरचं पातळ फेल्ट आणि वर मांजरपाट. मांजरपाट तीनदा उकळून त्याची खळ पूर्ण काढा, नीळ किंवा सॉफ्टनर घालू नका. फळ्याला 10 ते 15 अंशांचा उतार द्या. तेवढ्यात निशाण कापडाच्या खरबरीतपणावरच धरून राहतं, टाचण्या लागत नाहीत. काच निशाणाला टेकता कामा नये, नाहीतर काचेवरचा दमट ओलावा थेट कापडात उतरतो. प्लायवुड आणि एमडीएफ पेटीच्या आत वापरू नका, त्यांतून निघणाऱ्या आम्लांनी जरीच्या तारा काळवंडतात.

दिवे पेटीबाहेर हवेत. उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको. एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत म्हणून रंग उडत नाही असं लोक समजतात, ते खोटं आहे. रंग दिसणाऱ्या उजेडानेही उडतो, आणि ही झीज साठत जाते. रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस धरले तर 50 लक्सवरही 1,20,000 लक्स-तास होतात. माणूस जवळ आला की लागणारा सेन्सर बसवा. रोज 2 तासच दिवा लागला तर हाच आकडा 30,000 वर येतो. शिवाय एका वेळी एकच निशाण दाखवा. दुसरं पेटीत अंधारात आडवं राहू दे. गुंडाळून नळीवर नको, कारण भरतकाम दोन्ही बाजूंनी आहे.

पावसाळा तोंडावर आला आहे. पेटीतली सापेक्ष आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवायची. 65 च्या वर टिकली की बुरशी धरते. चांगली बंद होणारी पेटी असेल तर आर्द्रता स्थिर ठेवायला घनमीटरला सुमारे 20 किलो सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, लागतं. तुमची पेटी आतून 4 फूट 6 इंच बाय 3 फूट 9 इंच आणि 8 इंच खोल धरली, तर साधारण साडेसहा किलो. मात्र कोरडं जेल तसंच ठेवू नका, ते हवा इतकी सुकवतं की रेशीम आणखी कडक होतं. आधी 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत ट्रेवर पसरून त्याचं वजन स्थिर होऊ द्या. आणि एसी लावणार असाल तर चोवीस तास, नाहीतर मुळीच नको. दिवसा चालू आणि रात्री बंद, हा प्रकार सगळ्यात वाईट.

कसरीसाठी डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला पेटीत टाकू नका. ओला पाला दमटपणा आणतो. कसर दिसलीच तर निशाण टिश्यूसकट पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये निदान दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही, नाहीतर दव कापडावरच बसतं. निशाणावर रंगाने चित्र किंवा अक्षरं काढलेली असतील तर हा उपाय करू नका.

माजी सैनिकांची इच्छा खंडेनवमीला निशाणांची पूजा करायची आहे, असं तू लिहिलंस. त्यांच्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. त्यासाठी हुबेहूब प्रतिकृती शिवून घ्या आणि ती काठीवर उभी लावा. हळद-कुंकू, हार तिला चालतील, आणि फडकतं निशाण कसं दिसे ते मुलांनाही कळेल. मूळ निशाणावर पडलेलं कुंकू मात्र कधीच निघत नाही. प्रतिकृतीचं कापड आणि झालर कुठून घ्यायची ते ठरवायच्या आधी मला निशाणाच्या कोपऱ्याचा, झालरीच्या गाठींचा आणि नेफ्याचा जवळून एकेक फोटो पाठव. पेटीवाल्याचं कोटेशन आलं की मापांसकट तेही पाठव, आतल्या कोपऱ्यांना कोणतं सीलंट लावणार ते त्याला आवर्जून विचार. आंबूस वास येणारं सिलिकॉन असेल तर नको म्हणून सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव