खोलवरच्या भूकंपांचा अभ्यास शिकवणाऱ्या मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,

सादर प्रणाम.

दुसऱ्या भूपट्टाखाली उतरत जाणाऱ्या भूपट्टाच्या, म्हणजे पृथ्वीच्या बाह्य कठीण थराच्या प्रचंड तुकड्याच्या, पोटात होणाऱ्या भूकंपांवरचा माझा प्रबंध नुकताच विद्यापीठाला सादर झाला. त्यातल्या ऋणनिर्देशात आपल्याविषयी जे लिहिता आले ते फारच अपुरे वाटते, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. निवृत्तीनंतरही दांडिया बाजारातल्या आपल्या घरी आपण मला जो वेळ दिलात, तो देण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नव्हते.

वडोदऱ्यात भूकंपाचा विषय निघाला की बोलणे २६ जानेवारी २००१ च्या भूजवर येते. तो भूकंप जमिनीखाली जेमतेम २०-२५ किलोमीटरवर झाला होता. आपण त्याच्या शेजारी २६ ऑक्टोबर २०१५ चा हिंदुकुशचा ७.५ तीव्रतेचा भूकंप ठेवलात, ज्याची नाभी, म्हणजे खडक तुटायला सुरुवात होते ती जागा, २०० किलोमीटरहून खोल होती, आणि विचारलेत की एवढ्या दाबाखाली घर्षणामुळे खडक जागचा हलूही नये, तर मग तो तुटतो कसा? माझा सगळा प्रबंध या एका प्रश्नातून उभा राहिला.

उत्तर सांगण्याऐवजी आपण भूकंपालेखाचा कागद टेबलावर पसरलात, पहिल्या प्राथमिक लहरीवर पेन्सिलीने उभी रेघ मारलीत आणि तिच्यानंतर सुमारे पाऊण मिनिटाने उमटलेला लहानसा उठाव दाखवलात. ती लहर नाभीपासून आधी वर गेली, भूपृष्ठावरून परावर्तित झाली आणि मगच दूरच्या केंद्रावर पोहोचली. त्या उशिरावरूनच नाभीची खोली निघते. खोली पक्की झाल्याशिवाय कारणाविषयी एक अक्षरही लिहायचे नाही, हा आपला दंडक मला आता माझाच वाटतो.

कारणांच्या बाबतीतही आपण मला घाई करू दिली नाहीत. आपल्या रचनेत पाणी धरून ठेवणारी सर्पेंटाइनसारखी खनिजे तापल्यावर ते पाणी सोडतात आणि त्या पाण्याच्या दाबाने खडकावरची पकड सैल होते, हे स्पष्टीकरण मध्यम खोलीच्या (साधारण ७० ते ३०० किलोमीटर) भूकंपांना बरेचसे लागू पडते. पण जपानी भूकंपशास्त्रज्ञ हासेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ईशान्य जपानखाली भूकंपांचे एकाखाली एक असे जे दोन थर दाखवले, त्यांत ३० ते ४० किलोमीटरचे अंतर आहे. खालच्या थरापर्यंत, म्हणजे भूपट्टातल्या प्रावरणात (कवचाखालच्या खडकात) इतक्या आत, मुळात पाणी पोहोचले कसे? सागरी गर्तेजवळ, म्हणजे भूपट्ट जिथून खाली उतरतो त्या समुद्रतळाच्या खोल चरीजवळ, तो वाकताना पडणाऱ्या भेगांतून ते मुरत असावे, असे मानले जाते. ते किती आणि कुठवर मुरते, यावर अजून वाद आहे. हा वाद तळटीपेत न ढकलता त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहावे, असा आग्रह आपण धरलात. प्रबंधातले सर्वांत प्रामाणिक प्रकरण तेच झाले, असे मला मनापासून वाटते.

यापुढे म्यानमारखाली उतरणाऱ्या भारतीय भूपट्टाकडे वळायचे ठरवले आहे. २४ ऑगस्ट २०१६ रोजी तिथे सुमारे ८० किलोमीटर खोलीवर झालेल्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने बागानच्या अनेक पॅगोडांची पडझड झाली आणि त्याचे हादरे कोलकात्यापर्यंत जाणवले. त्याचे भूकंपालेख मिळवले आहेत. आपल्या सवडीने वेळ कळवावा, म्हणजे ते घेऊन येईन.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
वडोदरा