दुधीची कळी का गळते

परभणी, २८ मे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दुधीच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात म्हणून तू औषध विचारलंस. आधी गळालेली कळी उचलून बघ. देठाशी बोटाएवढा दुधी असेल तर ते मादीफूल. बहुतेक वेळा त्याला पराग पोचलेला नसतो, एवढंच. औषध मारलंस तर जे थोडं पोचतंय तेही थांबेल.

दुधी, दोडका संध्याकाळी उमलतात. तिथं पराग पोचवायचं काम मुख्यतः रात्री उडणाऱ्या पतंगांचं. काकडी आणि लाल भोपळा सकाळचे, ते मधमाशीचं गिऱ्हाईक. म्हणून ‘फवारा दिवस मावळल्यावर मारा’ हा एरवी चांगला सल्ला दुधीच्या मांडवाखाली उलटा पडतो. मावा दिसला तर पानाच्या पाठीवर पाण्याचा झोत मार, बास. मांडवाजवळचा मोठा दिवाही रात्री बंद ठेव. पतंग येऊ लागेतोवर तिन्हीसांजेला ताजं नरफूल खुड, पाकळ्या मागं सार आणि मादीफुलाच्या मधोमध हलकेच टेकव. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो.

वांग्याची तऱ्हा वेगळी. त्याचा पराग नळीत कोंडलेला असतो आणि टोकाच्या भोकातून हादऱ्यानं झडतो. आपल्या सातेरी मधमाशीला तो हादरा देता येत नाही. काळा भुंगा फुलाला लटकून घुमतो तेव्हा पराग सुटतो. त्याच्यासाठी वाळका बांबू कुंपणाला आडवा बांधून ठेव. घराच्या वाशाला भोकं पाडतो म्हणून त्याला हाकलतात, ते बांबू दिल्यावर बरंच कमी होतं.

माशांना खायला थंडीत शिवारात तूर, करडई असते, मार्च-एप्रिलात कडुनिंब. खरा खाडा त्यानंतरचा. तो तुळशीनं भरून काढ: सहा रोपं लाव, तिघांच्या मंजिऱ्या खुड, तिघांच्या राहू दे, पंधरा दिवसांनी अदलाबदल कर. मृगाच्या पावसावर तीळ आणि सूर्यफूल पेर, पण एकेक रोप विखरून नको. माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीची फुलं धरते, म्हणून प्रत्येकाला किमान ३ × ३ फुटांचा सलग वाफा दे. झेंडू एकेरी पाकळीचाच आण. गेंदेदार दिसायला छान, पण माशीच्या हाती फारसं काही लागत नाही. ऑक्टोबरपासून दर तीन आठवड्यांनी मूठभर धने टाक आणि प्रत्येक खेपेतली चार-दोन रोपं न उपटता फुलू दे.

एक कोपरा उघडा सोड. पोळं न करता एकट्या राहणाऱ्या बऱ्याच माशा जमिनीत बीळ करतात. आपली काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते, म्हणून तिथं मुरूम मिसळून फूटभर उंच ढीग घाल. त्यावर पालापाचोळा नको, पाणी नको. पाणी उथळ परळात ठेव, मधे खडे टाक, नाहीतर माशा बुडतात. डासांपायी दर दोन दिवसांनी ते बदल.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो फुलपाखराचा सुरवंट. वहिनी ओरडतील, पण थोडी पानं खाऊ दे.

वाफा मृगाआधी मोकळा कर. तिळाचं बी पाठवतो.

तुझा मित्र