नव्या रिक्षाचे पहिले तेल किलोमीटर पाहून बदलावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या मुहूर्तावर माझ्या पुतण्याने सीएनजीवर चालणारी नवी रिक्षा घेतली. हार घालून आणि नारळ फोडून गाडी ताब्यात देताना विक्रेत्याच्या माणसाने सर्व्हिस पुस्तिकेच्या पहिल्या कूपनावर पेनाने बरोबर एका महिन्यानंतरची तारीख लिहिली आणि ‘या दिवशी सर्व्हिसिंगला या’ एवढेच सांगितले. त्याच कूपनावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘५०० ते ७५० किलोमीटर किंवा ३० ते ४५ दिवस, यांपैकी जे आधी होईल ते’ असे छापलेले होते. ते कोणीच वाचले नाही. मीही वाचले नाही, आणि मी निवृत्तीपर्यंत आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे घडले ते असे. नोंदणी, परमिट आणि मीटरचे पासिंग यांत पहिले बारा दिवस गेले. तोवर गाडी जेमतेम चाळीस किलोमीटर फिरली होती. नंतर ती रोज सुमारे १२० किलोमीटर धावू लागली. पाचशेचा आकडा चार दिवसांत मागे पडला आणि ठरल्या तारखेला आम्ही सर्व्हिस सेंटरच्या दारात उभे राहिलो, तेव्हा काटा दोन हजारांच्या पुढे गेलेला होता. किलोमीटरची मर्यादा उलटल्यामुळे मोफत सर्व्हिस मिळणार नाही, असे तेथे सांगण्यात आले. तारीख ज्यांनी लिहून दिली, नकारही त्यांनीच दिला. पैसे भरून काम करून घेतले. तळाचा बोल्ट सोडून काढलेले तेल काळे नव्हते. सीएनजीवरच्या इंजिनात ते पेट्रोल-डिझेलइतके लवकर काळवंडत नाही, त्यामुळे ‘तेल अजून स्वच्छ आहे’ अशी चालकाची समजूत होते. पण तेच तेल बोटांवर चोळून उन्हात धरले, तर धातूचा बारीक चुरा चमकत होता.

हा चुरा हा कारखान्याचा दोष नव्हे. नव्या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दामच बारीक तिरप्या रेघा ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून बसतात, गिअरचे दातही एकमेकांत मुरतात आणि उंचवटे झिजून सुटलेला कीस तेलात उतरतो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन बसणे’ म्हणतात. यातली बरीचशी झीज पहिल्या काहीशे किलोमीटरांत होते, म्हणून पहिले तेल लवकर बदलायचे असते. त्यातून रिक्षाच्या इंजिनात मावणारे तेल थोडे, आणि जेथे इंजिन, क्लच व गिअर यांना एकच तेल पुरवलेले असते तेथे गिअरचा कीसही त्याच तेलातून बेअरिंगपर्यंत फिरतो. पुतण्याची रिक्षा आजही व्यवस्थित चालते आणि त्या वाढीव दीड हजार किलोमीटरांनी इंजिनाचे आयुष्य नेमके किती कमी केले, हे कोणालाही सांगता येणार नाही. नुकसान असे न दिसणारे असल्यामुळेच त्याची तक्रार कोणी करीत नाही.

खरी अडचण ‘जे आधी होईल ते’ या अटीत आहे. घरगुती दुचाकीला ती चपखल बसते. महिन्याभरात पाचशे किलोमीटर होणे आणि तारीख येणे तेथे साधारण एकाच सुमारास घडते. शहरातील रिक्षा मात्र तेवढे अंतर आठवड्याच्या आत कापते आणि दोन पाळ्यांत दोन चालक असतील तर तीन दिवसांतही. उलट पासिंगसाठी गाडी महिनाभर उभी राहिली, तर वीस किलोमीटरही न चालता दिवसांची मुदत संपत येते. म्हणजे रिक्षाच्या बाबतीत तारीख एक तर फार उशिरा येते, नाही तर फार लवकर. वेळेवर ती क्वचितच येते.

जुन्या चालकांच्या सवयीचाही यात वाटा आहे. टू-स्ट्रोक रिक्षांत इंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळून जात असे. बदलायचे ते गिअरचे तेल, आणि त्याची घाई नसे. त्या काळात हात बसलेले अनेक जण आजही फोर-स्ट्रोक रिक्षात तेल कमी झाले की वरून ओततात आणि काम झाले असे समजतात. वरून तेल ओतल्याने पातळी भरते, आतला कीस तेथेच राहतो. आमच्याच स्टँडवरील एका तरुण चालकाने तर मला मोबाइलवर ‘तीनचाकी मोटारसायकलची पहिली सर्व्हिस पाच हजार किलोमीटरवर’ अशी माहिती दाखवली. ती चुकीची नव्हती, पण ती कॅनडातील बीआरपी कंपनीच्या ‘कॅन-ॲम’ या दोन चाके पुढे व एक मागे असलेल्या वाहनाची होती. त्याचे इंजिन निराळे, त्यातले तेल कितीतरी अधिक आणि वापर हौसेचा. चाके तीन एवढ्याच साम्यावर सर्व्हिसचा आकडा उचलता येत नाही. त्याच न्यायाने ‘नव्या मोटारीचे तेल दहा हजारांवर बदलतात, मग माझे का नाही’ हा प्रश्नही निकालात निघतो. ज्या गाडीची पुस्तिका, त्याच गाडीचा आकडा. आणि तेलाचा दर्जाही तिच्यातलाच. क्लच तेलात बुडालेली असेल, तर मोटारीसाठीचे तेल घातल्याने ती घसरू शकते.

चालकाला एकट्यालाच दोष देणे मात्र मला मान्य नाही. सर्व्हिस सेंटरे दिवसा उघडी असतात आणि काम संपेपर्यंत अर्धा दिवस जातो. मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. अर्धा दिवस उभे राहणे म्हणजे अशी किती भाडी बुडणे, याचा हिशेब कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस करणारच. त्यातून गाडी शिफ्टवर दिलेली असेल, तर मालक म्हणतो चालकाने न्यावी आणि चालक म्हणतो गाडी मालकाची. केवळ तेल नव्हे, टॅपेटचे (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागाचे) अंतर, क्लच व ब्रेकच्या केबलींचा ताण आणि सैल होणारे नट-बोल्ट यांची पहिली तपासणीही त्यामुळे लांबते. ब्रेकचा संबंध तर मागे बसलेल्या प्रवाशांशीही आहे.

वाहन उत्पादक आणि विक्रेते यांच्याकडे माझी मागणी मोठी नाही. गाडी देतानाच काचेवर, चालकाला बसल्या जागी दिसेल असे, ठळक मराठी अक्षरांत ‘पहिले तेल इतक्या किलोमीटरला’ असे स्टिकर लावावे आणि कूपनावर तारखेऐवजी काट्याचा आकडा लिहावा. दिवसांची मुदत बिलाच्या तारखेपासून न मोजता पासिंग होऊन गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर आल्यापासून मोजावी. नव्या रिक्षांच्या पहिल्या सर्व्हिससाठी संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी दोन-तीन तास राखून ठेवावेत. विक्रेत्याने चुकीची तारीख लिहून दिली असेल, तर किलोमीटर उलटले या कारणावरून मोफत सर्व्हिस नाकारू नये आणि पुढे हमीचा प्रश्न आला तर ती चूक ग्राहकाच्या खात्यावर टाकू नये. रिक्षा संघटनांनीही या मुद्द्यावर विक्रेत्यांशी बोलावे, कारण एकट्या चालकाचे कूपन काउंटरवरूनच परत येते, हा अनुभव आम्ही नुकताच घेतला आहे.

आपला,
एक निवृत्त निदेशक,
चिंचवड